लाइट धरणारीचा फोटो

शिवदास तायडेने आयुष्यात किती नवरानवरींचे फोटो काढले, याचा हिशेब खुद्द शिवदासकडेही नाही. घाटकोपरच्या पंतनगरात कुठल्याही बिल्डिंगीत शिरा, कुणाच्या तरी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणातून त्याचा एखादा अल्बम निघतोच. जाडजूड, मखमली, वर सोनेरी अक्षरांत 'मंगल परिणय' छापलेला. लोक भांडतात, खोल्या विकतात, विरारपलीकडे राहायला जातात, पण अल्बम बरोबर नेतात. आणि अशा या माणसाच्या स्वतःच्या घरात, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, बायकोचा जो फोटो लागला होता तो आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला होता.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आधार कार्डावर कोण धड दिसतं? वनमालाही दिसत नव्हती. मोठा करताना फ्लेक्सवाल्याने चेहरा असा काही ताणला होता, की गाल कागदी झाले, डोळ्यांच्या जागी दोन गढूळ ठिपके राहिले आणि ओठ गच्च मिटलेले. वनमाला मिटल्या ओठांची बाई नव्हतीच मुळी. तिचं तोंड सतत चालू. बोलत नसेल तेव्हा बडीशेप चघळत असायची, आणि दोन्ही नसेल तर हसत असायची.

ती गेली तेव्हा सगळंच घाईत झालं. तापाचं निमित्त झालं, हॉस्पिटलात नेलं, बरी होतेय म्हणता म्हणता गेलीच. तिचा धाकटा भाऊ खंडू माहुलवरून धावत आला. रडणं आवरून तोच कामाला लागला आणि म्हणाला, "दाजी, ताईचा एक चांगला फोटो द्या ना पटकन."

शिवदासने कॉम्प्युटर उघडला. एकामागून एक फोल्डर, सगळे दुसऱ्यांच्या लग्नांचे. त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा फोटो होता, पण त्यात वनमाला एवढीशी पोर. मुलीच्या, तेजलच्या फोनमध्ये सेल्फी होते, पण सगळे गोरेपणाच्या फिल्टरचे. त्यात वनमाला स्वतःच्याच कुणा लांबच्या मावसबहिणीसारखी दिसायची. वनमालाच्या फोनवरच्या डीपीत तर सूर्यफूल. खंडू दारात उभा, बाहेर माणसं जमलेली. शेवटी तेजलने आईच्या पर्समधून आधार कार्ड काढून मामाच्या हातात दिलं. त्या क्षणी शिवदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोकांनी ते बायको गेल्याचं दुःख मानलं, पण त्यात ही शरमही होती.

तसं नाही की वनमालाने कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची, "अहो, माझा एक काढा ना मस्त." हा म्हणायचा, "काढू गं. लाइट बघून काढू एकदा निवांत." त्या निवांतपणाची वाट बघण्यात संसार सरला. आता वर्ष होत आलं होतं, तिच्या स्मरणाच्या पुण्यानुमोदनाचा दिवस जवळ येत होता, आणि शिवदासच्या जिवाला एकच घोर लागला होता. त्या दिवशी भंतेजी येतील, गणगोत येईल, आणि सगळ्यांसमोर वनमाला पुन्हा त्या गढूळ डोळ्यांनी बसणार. जन्मभर दुसऱ्यांचे चेहरे लख्ख काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचा एक चेहरा हवा होता. फक्त एक.

शिवदास मूळचा अकोल्याकडचा. काकाचं बोट धरून चेंबूरला आला आणि तिथल्या एका स्टुडिओत झाडू मारता मारता धंदा शिकला. त्या काळच्या कॅमेऱ्यात आपोआप असं काही होत नसे. डोळा लावला की मधोमध एक गोल दिसायचा, आणि त्या गोलात नवरीचं नाक तुटलेलं असायचं. वरचा अर्धा भाग डावीकडे, खालचा उजवीकडे. डाव्या हाताने लेन्सची कडी हळूहळू फिरवायची. दोन्ही तुकडे जुळले की नाक सरळ, आणि नाक सरळ झालं की दाबायचं बटण. शिवदासचा हात त्यात असा बसला होता, की नवरी स्टेजची पायरी चढता चढता याची कडी तिच्याबरोबर फिरायची. "फोकस हा हाताचा धंदा आहे," असं तो नव्या पोरांना ऐकवायचा. पोरं मान डोलवायची आणि पाठ वळली की हसायची.

वनमाला या धंद्यात आली ती अपघातानेच. एका लग्नात लाइट धरणारा पोरगा जेवायला म्हणून गेला तो परत आलाच नाही. नव्याने लग्न होऊन आलेली वनमाला बरोबर होती, तिने पदर खोचला आणि लाइट उचलला. तो तिच्या हातून पुढे कधी सुटला नाही. नवरानवरीच्या मागे उभं राहून त्यांच्या केसांवर, खांद्यांवर उजेड पाडायचा हे तिचं काम. मागचा उजेड नीट पडला की नवरी भिंतीपासून सुटून पुढे येते, फोटोला जीव येतो. पण लाइट धरणारी फोटोत दिसता कामा नये. तिने वाकून, दोघांच्या पाठीआड लपून राहायचं.

वनमालाला ते काही जमायचं नाही. स्टेजवर काय चाललंय ते बघितल्याशिवाय तिचा जीव राहत नसे. दोन डोक्यांच्या फटीतून तिचं डोकं वर यायचंच, आणि मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा शिवदासचा आवाज, "खाली हो गं, वना!" पंतनगरातली पोरं खेळताना एकमेकांना तसं ओरडायची, इतकं ते गाजलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. बाकी सगळ्या लग्नभर तिचा हात खांबासारखा स्थिर. पण ऐन मोक्याला, माळा पडताना, टाळ्या सुरू होताना लाइट हलायचाच. "सगळं लग्न नीट धरतेस आणि नेमका तेव्हाच हात कसा हलतो तुझा?" तो घरी आल्यावर चिडायचा. ती "हो हो, चुकलं" म्हणून बडीशेप तोंडात टाकायची. पुढच्या लग्नात पुन्हा तेच.

तेजलला अंधेरीत नोकरी लागली तेव्हा तिने बापाच्या मागे लागून नवा कॅमेरा घ्यायला लावला. लेन्सा बदलायच्या, पण बाकी सगळा कारभार कॅमेऱ्याचा. समोर माणूस आला की त्याच्या डोळ्यावर एक छोटी हिरवी चौकट बसते, माणूस हलला की चौकट हलते, आणि डोळा लख्ख येतो. शिवदासने आधी नाक मुरडलं. पण चष्म्याचा नंबर वाढत चाललेला, आणि हातापेक्षा चौकट जलद, हे त्याला दोन लग्नांतच कळून चुकलं. लेन्सच्या बाजूला एक खटका असतो, वर केला की कॅमेरा आपोआप फोकस करतो, खाली केला की माणसाने हाताने करायचा. शिवदासने खटका वर केला आणि हाताच्या धंद्यावर पाणी सोडलं.

आणि मग त्या कॅमेऱ्याला खोड लागली. लग्नात सगळं सुरळीत चालायचं, आणि मधूनच चौकट नवरीला सोडून मागे पळायची. नवरी पुसट, नवरा पुसट, मागचं सगळं लख्ख. "तू मध्ये डोकावतेस म्हणून होतं हे," असं त्याने वनमालाला झापलं. ती वाकून राहायची, पण किती वेळ? जरा डोकं वर आलं की चौकट गेलीच. असले फोटो शिवदास तिथल्या तिथे उडवून टाकायचा. खराब माल पार्टीच्या नजरेला पडू द्यायचा नाही, हा त्याचा नियम.

मुलुंडच्या लग्नात मात्र वाट लागली. अक्षता म्हणून मुलगी होती, तिथल्या जुन्या वस्तीतल्या वकिलांच्या घरातली. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट खाली आला. तेवढाच क्षण. दोघांनी एकमेकांकडे बघायचा. आणि नेमकी तेव्हा चौकट पळाली. त्या क्षणाचे एकूण एक फोटो गेले. त्यातून त्या लोकांनी आधीच बजावून ठेवलेलं, "काका, आम्हाला सगळा डेटा हवा, काहीही डिलीट करायचं नाही." त्यामुळे ते उडवताही आले नाहीत, सगळं तसंच हार्ड डिस्कवर घालून द्यावं लागलं, आणि ते लाजिरवाणं फोल्डर शिवदासने स्वतःच्या कॉम्प्युटरवर ठेवलंच नाही. अक्षता रडली. भांडली नाही, तेच शिवदासला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्याने लेन्सचा खटका खाली केला तो केला. पुन्हा हात, पुन्हा कडी. डोळ्यांना त्रास व्हायचा, पण फोकस सांगू तिथे जायचा. वनमाला त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हातानेच करा मग. तुमचा हात काही चुकायचा नाही." तिच्या आवाजात काय होतं ते तेव्हा त्याने ऐकलं नाही. काही महिन्यांनी ती गेली.

बरेच दिवस शिवदासने कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग खंडूच्या शेजारच्या मुलीचं लग्न निघालं, माहुलच्याच हॉलमध्ये. नाही म्हणवेना. स्टेजवर पांढऱ्या साडीत नवरी, पांढऱ्या झब्ब्यात नवरा, भंतेजी त्रिशरण सांगतायत, आणि शिवदास सवयीने म्हणाला, "खाली हो गं..." मागे लाइटचा स्टँड उभा होता. नुसता स्टँड. त्याचा चष्मा असा भरून आला, की कडी फिरवून काही जुळेना. नाइलाजाने त्याने खटका वर केला.

चौकट नवरीच्या डोळ्यावर बसली आणि हलली नाही. माळा पडल्या, फुलं उधळली, लोक मध्ये आले, गेले. नवरी पायरी उतरली तरी चौकट तिच्या डोळ्यावर. एकही फोटो गेला नाही.

शिवदासला आनंद व्हायला हवा होता. त्याला त्या यंत्राचा असा संताप आला, की ते तिथेच आपटावंसं वाटलं. वनमाला होती तोवर याने नाचवलं, शिव्या तिला खायला लावल्या, आणि ती गेल्यावर हा शहाणा झाला! हा कॅमेरा घरात नको, असं त्याने ठरवून टाकलं.

साकीनाक्याला एका गाळ्यात चंद्रप्रकाश म्हणून कारागीर बसतो. कॅमेरे दुरुस्त करतो आणि जुने घेतोही. शिवदासने कॅमेरा त्याच्या टेबलावर ठेवला. "हा घे आणि दुसरा कुठलाही दे. याच्या ऑटोफोकसवर माझा भरवसा नाही."

चंद्रप्रकाशने लेन्स काढली, आत टॉर्च मारून बघितलं, पुन्हा लावली. रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांवर, समोरच्या चहावाल्यावर कॅमेरा धरून बघितला. "शिवदासभाऊ, मशीन एकदम झकास आहे यार. काय प्रॉब्लेम नाय."

"आता नाही. आधी होता. नवरी सोडून मागे पळायचा."

"असं? थांबा, सेटिंग बघतो." त्याचा अंगठा मेनूत फिरत राहिला. "बघा, देतायच तर सगळं साफ करून देतो. रिसेट मारला की तुमचं काय पण आत राहणार नाय." मग तो थांबला. "अरे, यात तर फेस टाकलाय कोणीतरी. ही कोण?"

शिवदास टेबलावरून पुढे वाकला. छोट्या पडद्यावर नखाएवढ्या चौकोनात वनमाला होती. हसू दाबून धरलेलं, एक गाल बडीशेपेने फुगलेला.

"हे काय आहे?" त्याने पडद्यावर बोट टेकवलं.

"हे घरच्या माणसांसाठी असतं. एकदा चेहरा टाकला ना, मग गर्दीत किती पण लोक असू देत, तो चेहरा दिसला की कॅमेरा बाकी सगळ्यांना सोडून त्याच्यावरच जातो. तुमचा हाच लोचा होता. बिघाड नव्हताच." बोलता बोलता त्याचा अंगठा खालच्या बटणाकडे गेला. "उडवून टाकू ना?"

"हात लावू नकोस!" शिवदास एवढ्या जोरात ओरडला, की चहावाला गाळ्यात डोकावला. त्याने कॅमेरा हिसकावूनच घेतला. जरा वेळाने, मऊ होऊन विचारलं, "हा फोटो बाहेर काढता येईल? प्रिंटपुरता?"

चंद्रप्रकाशने मान हलवली. "ओळखण्यापुरता असतो तो, भाऊ. बाहेर नाय निघत." मग त्याला काय ते उमगलं असावं. त्याने लेन्सची काच कापडाने पुसून दिली.

तेजल कामावरून आली तेव्हा बाप कॅमेरा मांडीवर घेऊन बसला होता. पडदा चालू. तिने बघितलं आणि पर्स खांद्यावरच राहिली.

"तू केलंस हे?"

"हो." ती त्याच्या बाजूला खाली बसली. "कॅमेरा आणला ना, त्या दुपारी तुम्ही झोपला होतात. मी मेनू बघत होते. आई म्हणाली, यात चेहरा ओळखतो म्हणे, माझा घाल. मी म्हटलं, अगं, मग लग्नात नवरी सोडून तुलाच पकडेल हा. तर म्हणाली, पकडू दे की. एकदा तरी."

शिवदासने मंदावलेला पडदा बटण दाबून पुन्हा उजळला.

"म्हणाली, पप्पांना सांगू नको, काढून टाकतील. मुलुंडच्या वेळेला मीच म्हटलं तिला, आता काढते, पप्पांचं नाव खराब होतंय. ती पण हो म्हणाली होती. पण तुम्ही हाताने करायला लागलात, मग ते राहूनच गेलं. आणि ती गेल्यावर मला सांगायचा धीर होईना, पप्पा. तुम्ही तर ते सगळे फोटो उडवून टाकलेले."

उडवून टाकलेले. शिवदासच्या डोळ्यांपुढे त्याचा स्वतःचा अंगठा आला. लग्नामागून लग्न, जेवणाच्या पंगतीत उभं राहून, एका हातात पाण्याचा ग्लास, दुसऱ्या हाताने खराब माल साफ. त्या प्रत्येकात ती होती. लख्ख. ज्या चेहऱ्यासाठी आता जीव तळमळत होता, तो त्याने स्वतः, शिव्या घालत, पुन्हा पुन्हा पुसला होता. आणि यंत्राला एकदा सांगितल्यावर कळलं ते त्याच्या हाताला जन्मभरात कळलं नव्हतं. त्याचा हात कधी चुकला नाही, म्हणजे एकदाही तिच्यावर गेला नाही. तो लहान मुलासारखा रडला. तेजलने त्याला रडू दिलं.

मग डोळे पुसून तीच म्हणाली, "पप्पा, मुलुंडवाल्यांचं तर काहीच डिलीट केलं नव्हतं ना?"

अक्षताच्या घराची बेल वाजवण्याआधी शिवदास दोनदा जिन्यापर्यंत परत गेला. ज्या पोरीचं लग्न आपण नासवलं तिच्या दारात कुठल्या तोंडाने जायचं? दार तिनेच उघडलं. जरा वेळ ओळखलं नाही, मग म्हणाली, "काका? या ना, आत या."

पाणी आलं, चहा आला. शिवदासने कप हातात धरूनच ठेवला. "ताई, तुमच्या लग्नातले ते फोटो... अंतरपाटाच्या वेळचे. ते आहेत का अजून?"

अक्षताचा चेहरा बदलला. "जे गेले होते ते? त्यांचं काय करायचंय आता?"

"त्यात माझी बायको आहे," शिवदास म्हणाला. "लाइट धरायला होती बघा. ती गेली. माझ्याकडे तिचा एक पण धड फोटो नाही." आणि मग त्या चौकटीचं सगळं त्याने सांगून टाकलं, काही राखून न ठेवता.

अक्षता उठली, आतून हार्ड डिस्क आणली, लॅपटॉपला लावली. फोटो सरकू लागले. हळद, गौरीहर, मामा, मंगलाष्टकं. अंतरपाट. अंतरपाट खाली येतो आहे. आणि मग तो आला.

डावीकडे पिवळा धूसर डाग, ती अक्षता. उजवीकडे पांढरा धूसर डाग, तो तिचा नवरा. आणि दोन डागांच्या मधल्या फटीत वनमाला. कपाळावर सुटलेले केस मोजून घ्यावेत इतकी स्पष्ट. डाव्या हातात लाइट तिरका झालेला, कारण उजवा हात वर उचललेला होता, आणि त्या हातातून तांदूळ उडत होते. तोंड सगळं उघडं, हसताना. कुणीतरी वाटलेल्या अक्षता तिनेही मुठीत धरून ठेवल्या होत्या, लाइटमागे लपून, आपली वेळ येईपर्यंत.

म्हणजे म्हणून लाइट हलायचा. प्रत्येक लग्नात. कुठे तांदूळ, कुठे फुलांच्या पाकळ्या. कामासाठी आलेली बाई ती, ना नात्याची ना गोत्याची, पण कुठल्याच जोडप्याला आपला आशीर्वाद दिल्याशिवाय ती राहिली नाही. आणि इतक्या वर्षांत एकदाही तिने सांगितलं नाही, की हात का हलतो.

"खरं सांगू का काका," अक्षता हळूच म्हणाली, "मी तेव्हा फक्त आम्ही दोघं पुसट आलो तेवढंच बघितलं. मधे कोण आहे ते बघितलंच नाही."

"मी पण नाही," शिवदास म्हणाला. चहा गार झाला होता, तो त्याने एका घोटात संपवला.

पुण्यानुमोदनाच्या रविवारी सकाळीच घर भरलं. भिंतीवरचा आधार कार्डाचा फोटो उतरला होता. तसबिरींखाली टेबलावर नवी फ्रेम. तेजलने बाजूचे धूसर डाग कापून टाकू म्हटलं होतं, तेव्हा बापाने ऐकलं नव्हतं. दोन्ही डाग होते तसे ठेवले होते, मध्ये लख्ख वनमाला, हवेत तांदूळ. येणारा प्रत्येक माणूस आधी पायातली चप्पल काढायचा, मग फ्रेमकडे बघायचा, आणि रडायच्या ऐवजी हसायचा. खंडू तर फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "ही बघा ताई! अशी होती ती, अगदी अशी!" आणि मग मात्र त्याला हुंदका आवरला नाही.

मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली, भंतेजींनी धम्मदेसना दिली. भोजनदान आटोपलं. निघताना कुणीतरी म्हणालं, "शिवदासभाऊ, सगळे जमलोय तर एक फोटो होऊन जाऊ दे."

शिवदासने कॅमेरा आणला. सगळी मंडळी टेबलाच्या पुढे दाटीवाटीने उभी राहिली. मध्ये भंतेजी, बाजूला खंडू, तेजल, पुढे बायका, म्हाताऱ्या, पोरं. त्याने डोळा लावला. अंगठ्याने लेन्सचा खटका चाचपला, तो वर होता. हिरवी चौकट भंतेजींवर बसली. मग खंडूवर गेली. तेजलवर गेली. आणि मग तेजलच्या आणि खंडूच्या खांद्यांमधल्या फटीत, मागे, टेबलावरच्या फ्रेममध्ये तिला तो चेहरा दिसला. चौकटीने सगळ्या गणगोताला सोडलं, ती वनमालाच्या डोळ्यावर जाऊन बसली आणि तिथून हलली नाही.

खटका खाली करायचा म्हटलं तर हाताशीच होता. कडी थोडी फिरवली असती तर सगळे लख्ख आले असते.

"काढा ना पप्पा!" तेजल ओरडली. "सगळे थांबलेत."

शिवदासने बटण दाबलं. लगेच खाली नाही ठेवला कॅमेरा, जरा वेळ तसाच डोळ्याला लावून उभा राहिला. मंडळी पांगली. तेजलने येऊन त्याच्या हातातला पडदा आपल्याकडे वळवला आणि कपाळाला आठी घातली.

"अहो, सगळे ब्लर आलेत की."

"सगळे नाही गं," शिवदास म्हणाला. "नीट बघ."